जुने बोलपट कसे पाहावेत?



चित्रपट पाहून आलेल्या माणसाला “कसा होता?” असे विचारले, की बहुधा दोनच उत्तरे मिळतात : “छान होता” किंवा “कंटाळवाणा होता”. जुना कृष्णधवल बोलपट असेल तर तिसरे उत्तरही ठरलेले असते : “फार संथ आहे”. ही उत्तरे खोटी नसतात, पण ती अपुरी असतात. आंबा गोड लागला हे सांगणे वेगळे आणि तो हापूस की बेनिशान हे ओळखणे वेगळे. आवड ही रसिकतेची पहिली पायरी होय. आवडीचे कारण सांगता येणे ही दुसरी. कवितेचे रसग्रहण आपण वर्गात करतो, धड्यातील व्यक्तिरेखांवर टिपणे लिहितो. चित्रपटाच्या बाबतीत मात्र तसा परिपाठ नाही. वस्तुतः आज लहानथोर सर्वांचा जेवढा वेळ हलत्या चित्रांपुढे जातो, तेवढा क्वचितच पुस्तकापुढे जात असेल.

चित्रपट पाहण्याचा नाद मला लहानपणापासून आहे. आमच्या घरची भाषा कोकणी. मराठी मला शाळेने दिली तशीच पुष्कळशी जुन्या बोलपटांनीही दिली. त्या बोलपटांविषयी माझी काही मते बनली आहेत. ती या लेखात मांडीत आहे. ती तुम्ही जशीच्या तशी स्वीकारावीत असा मुळीच आग्रह नाही. मत कसे बनवावे आणि ते कशाच्या आधारावर उभे करावे, याचा एक नमुना म्हणून ती वाचावीत.

एक कसोटी

मत बनवायचे तर हाती काही माप हवे. माझे माप मी न्यायदानातून घेतले आहे. दोन्ही बाजू ऐकल्यावाचून निवाडा करू नये, हा न्यायाचा पहिला नियम आहे. तोच नियम मी चित्रपटाला लावते. नायक किंवा नायिका यांची बाजू चित्रपट मांडणारच. ते त्याचे कामच आहे. परंतु नायकाच्या वाटेत जे माणूस उभे आहे, त्याच्यावर जे रागावते, त्याला जे अडवते, त्या माणसाचे म्हणणे चित्रपट ऐकून घेतो काय? की त्याला काळे फासून, प्रेक्षकांकडून शिव्या देववून मोकळा होतो? मला असे आढळून आले आहे, की जे बोलपट ऐंशी-नव्वद वर्षांनंतरही जिवंत वाटतात, त्यांतील बहुतेकांत ही दुसरी बाजू मन लावून मांडलेली असते.

हे माप आपण काही प्रसिद्ध चित्रपटांना लावून पाहू.

थोडी पूर्वपीठिका

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. त्या काळी चित्रपटात काम करण्यास स्त्रिया धजत नसत. म्हणून त्यातील तारामती अण्णा साळुंके या तरुणाने साकार केली. पुढे १९३२ साली याच कथेवर प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. मराठीतील पहिला बोलपट म्हणून त्याची नोंद आहे. त्यातील तारामतीची भूमिका दुर्गाबाई खोटे या सुशिक्षित, घरंदाज स्त्रीने केली. एकोणीस वर्षांत पडद्याला वाचा फुटली आणि स्त्रीला पडद्यावर मानाचे स्थान मिळू लागले.

प्रभात कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. यांपैकी पहिले चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले होते. १९३३ साली कंपनी पुण्यास आली. पुढे आपण ज्या चित्रपटांचा विचार करणार आहोत, त्यांतील पहिले चार याच कंपनीचे आहेत.

‘संत तुकाराम’ : आवलीची बाजू

दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ साली प्रदर्शित झाला. व्हेनिसच्या १९३७ मधील चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली. हे गृहस्थ पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत असत. त्यांच्या चेहऱ्यावरील सौम्यपणा पाहिला, की दिग्दर्शकांनी त्यांनाच का निवडले असावे ते कळते. पटकथा शिवराम वाशीकरांची आणि संगीत केशवराव भोळे यांचे. चित्रपटातील एक अभंग शांताराम आठवले यांनी नव्याने रचला होता. तो इतका एकरूप झाला की पुष्कळांनी तो तुकोबांचाच मानला.

परंतु माझ्या मते या चित्रपटाचा प्राण तुकोबांच्या इतकाच त्यांच्या पत्नीत, आवलीत आहे. गौरी या नटीने ती भूमिका केली. आवली रागीट आहे, तोंडाने फटकळ आहे. नवरा भजनात दंग, घरात दाणा नाही, मुले भुकेली : अशा संसाराचे ओझे तिच्या एकटीच्या डोक्यावर आहे. मूल आजारी पडते तेव्हा ती त्याला ओढीत देवळात नेते आणि पायातली वहाण उगारून प्रत्यक्ष विठ्ठलाला जाब विचारते. दुसऱ्या एखाद्या चित्रपटात ही बाई हास्यास्पद ठरली असती, किंवा संताला छळणारी कजाग बायको म्हणून तिची कुचेष्टा झाली असती. येथे तसे होत नाही. तिचा संताप आपल्याला पटतो. हीच बाई डोंगरावर बसलेल्या नवऱ्यासाठी भाकरी बांधून उन्हातून चढून जाते, तेव्हा तिच्या शिव्यांच्या तळाशी काय आहे हे आपल्याला दिसते.

आमच्या घरी हा चित्रपट लागला की माझी आजी आवलीच्या बाजूची असे. तिचे गाव कारवारकडचे, मराठी तिला बेताचेच समजे; पण चूल रिकामी असणे म्हणजे काय हे समजायला तिला भाषांतर नको होते. तुकोबा वैकुंठाला निघतात आणि पत्नीला बरोबर चलण्यास सांगतात, त्या वेळी आवली स्वयंपाकाच्या घाईत असते आणि जात नाही. हा शेवट मला फार मोठा वाटतो. ती संताएवढी थोर आहे असे चित्रपट म्हणत नाही. पण मुलांना जेवू घालण्यासाठी कोणीतरी मागे राहावे लागते, हे तो विसरत नाही.

या चित्रपटातील उणेही सांगितले पाहिजे. सालोमालो हे पात्र याच कसोटीवर उतरत नाही. तो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा ढोंगी आहे. भागवत या नटाने त्याला विलक्षण गमतीदार केले आहे. त्याला पाहून आपण पोट धरून हसतो. परंतु त्याच्या मत्सराचे मूळ कशात आहे, हे आपल्याला कधीच कळत नाही. म्हणून सालोमालो करमणूक करतो आणि आवली मनात राहते. एकाच चित्रपटातील या दोन पात्रांची तुलना केली, तर आपले माप कसे वापरावे हे स्पष्ट होईल.

‘कुंकू’ : काकासाहेबांची बाजू

व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ १९३७ सालचा. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. नीरा या तरुण मुलीला फसवून तिचे लग्न काकासाहेब या वयस्क, विधुर वकिलाशी लावले जाते. नीरा ते लग्न मनाने कधीच मान्य करीत नाही. शांता आपटे यांनी साकारलेली ही नीरा १९३७ सालच्या प्रेक्षकांना किती धीट वाटली असेल, याची आज कल्पनाच करावी लागेल. जरठ-कुमारी विवाह ही तेव्हा केवळ कथेतील गोष्ट नव्हती. ती पुष्कळ घरांतील वस्तुस्थिती होती.

नीरेची बाजू न्याय्य आहे, यात संशयाला जागा नाही. तथापि दिग्दर्शकाची खरी परीक्षा काकासाहेबांच्या बाबतीत होते आणि केशवराव दाते यांच्या अभिनयाने ती उत्तम रीतीने पार पडते. हा म्हातारा राक्षस नाही. तो शिकलेला आहे, समाजात त्याला मान आहे, त्याला मोठी मुले आहेत. आपण तरुण नाही हे त्याला ठाऊक आहे आणि ते मान्य करण्याचे धैर्य मात्र त्याच्यात नाही. आरशापुढे उभे राहून तो स्वतःशीच खोटे बोलू पाहतो आणि आरसा त्याला दाद देत नाही. भिंतीवरचे जुने घड्याळ टिकटिकत राहते. ते जणू त्याच्या वयाचा हिशेब मांडते. या चित्रपटात पार्श्वसंगीत म्हणून वाद्यवृंद वाजत नाही, भोवतालचे नैसर्गिक आवाजच त्याचे काम करतात, ही गोष्ट अवश्य लक्षात घ्या. एखादा प्रसंग डोळे मिटून नुसता ऐका, म्हणजे केवळ आवाजातून मनाची घालमेल कशी सांगता येते हे समजेल.

येथे एक महत्त्वाचा भेद सांगितला पाहिजे. काकासाहेबांचे दुःख आपल्याला समजते, याचा अर्थ त्यांनी केलेला अन्याय पुसला जातो असा नाही. ऐकून घेणे म्हणजे माफ करणे नव्हे. उलट, अपराधी माणूस आपल्यासारखाच हाडामांसाचा आहे हे कळल्यावर त्याच्या अपराधाची अधिक भीती वाटते. कारण तो आपल्याही हातून घडू शकेल, हे ध्यानात येते.

चित्रपटाच्या शेवटी काकासाहेबांना आपली चूक उमगते आणि ते आत्मनाश करून नीरेची वाट मोकळी करतात. हा शेवट मला पूर्णपणे पटत नाही. जिवंत राहून चूक निस्तरणे हे मरणाहून कठीण असते, आणि कथा त्या कठीण कामाला बगल देते असे मला वाटते. शिवाय नीरेला जी मोकळीक मिळते, ती तिने स्वतः मिळवलेली राहत नाही. काकासाहेबांचे हृदयपरिवर्तन दाखवायला दुसरा मार्ग नव्हता, असेही कोणी म्हणेल. या प्रश्नावर घरी मोठ्यांशी अवश्य वाद घाला. चांगल्या चित्रपटाची ती एक देणगीच असते.

‘माणूस’ : बोट दाखवणाऱ्यांना प्रश्न

शांतारामबापूंचाच ‘माणूस’ १९३९ मध्ये आला. गणपत हा प्रामाणिक पोलीस शिपाई आणि मैना ही समाजाने हीन ठरवलेली स्त्री, यांची ही कथा. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांनी या भूमिका केल्या. छाप्याच्या वेळी गणपत मैनेला वाचवतो. तिला आपल्या आईकडे नेतो. परंतु त्या देवभोळ्या माउलीपुढे उभे राहण्याची आपली योग्यता नाही, असे मैनेलाच वाटते. जग माणसाला इतके दिवस हीन म्हणत राहते की शेवटी तो माणूस स्वतःही तेच म्हणू लागतो. ही या चित्रपटातील सर्वांत दुःखद गोष्ट आहे आणि ती एकाही लांबलचक भाषणावाचून सांगितली आहे.

हा चित्रपट रडका मात्र नाही. त्या काळच्या गोडगोड प्रेमपटांची यथेच्छ थट्टा त्यात एका प्रसंगी केली आहे. शेवटी गणपत पुन्हा आपल्या कामावर रुजू होतो. प्रेमभंग झालेल्या नायकाने मद्याच्या प्याल्यात बुडावे, असा प्रघात पडू लागलेल्या काळात शांतारामबापूंनी आपल्या नायकाला कर्तव्यावर परत पाठवले. ‘कुंकू’च्या शेवटापेक्षा हा शेवट मला अधिक धीराचा वाटतो.

‘शेजारी’ : कोठीतून पाहताना

आता ज्या चित्रपटाविषयी आपण हैदराबादकरांनी विशेष आस्था बाळगावी, त्याकडे वळू. १९४१ साली आलेला ‘शेजारी’ ही प्रभातसाठी शांतारामबापूंनी केलेली अखेरच्या काळातील कृती. कथा विश्राम बेडेकरांची, संगीत मास्टर कृष्णराव यांचे. एका खेड्यात जिवबा आणि मिर्झा हे दोन वृद्ध शेजारी राहतात. एक हिंदू, एक मुसलमान. एकमेकांवाचून दोघांचाही दिवस जात नाही. गावात धरण बांधू पाहणारा एक धनिक येतो. गावकरी एक असेपर्यंत त्याचे काही चालत नाही. म्हणून तो या दोन मित्रांच्या मनांत विष कालवतो. मैत्री तुटते. शेवटी धरण फुटते आणि त्या लोंढ्यात दोघे मित्र एकमेकांचे हात हाती घेऊन प्राण सोडतात. धरणफुटीचा तो प्रसंग त्या काळच्या तंत्राचा विचार करता आजही थक्क करतो.

जिवबाची भूमिका केशवराव दाते यांनी आणि मिर्झाची गजानन जागीरदार यांनी केली. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत मिर्झा जागीरदारच होते आणि त्यांच्या हिंदू मित्राची भूमिका मजहर खान यांनी केली. म्हणजे हिंदी आवृत्तीत हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू. नटाने दुसऱ्याच्या अंगरख्यात शिरून पाहावे, हे तर अभिनयाचे सारच. येथे ते कथेच्या आशयाशी किती जुळले आहे पाहा. फाळणीला तेव्हा सहा वर्षे अवकाश होता. पण मने दुभंगत चालल्याची चाहूल या कलावंतांना लागलेली होती.

आपण ज्या कोठी भागात वावरतो, तेथे सुलतान बाजारातून बडीचौडीपर्यंत जाता जाता तेलुगू, दखनी, मराठी, मारवाडी, गुजराती अशा किती भाषा कानांवर पडतात, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही. १९४८ साली निजामी राजवट संपली. १९५६ साली भाषावार प्रांतरचना होऊन मराठवाडा जुन्या हैदराबाद राज्यातून वेगळा झाला. पुष्कळ मराठी कुटुंबे मात्र येथेच राहिली. शेजाऱ्याची भाषा आपली नसली आणि त्याचा सण आपला नसला तरी त्याच्या घरी काय शिजते आणि काय जळते हे आपल्याला ठाऊक असावे, असे आयुष्य ती जगत आली. म्हणून ‘शेजारी’ हा माझ्या दृष्टीने दूरच्या खेड्याचा चित्रपट नाही. त्यातील भांडण धर्मावरून सुरू होत नाही, हे नीट पाहा. ते एका तिऱ्हाइताच्या स्वार्थातून सुरू होते आणि ऐकीव गोष्टींवर वाढते. दोघांपैकी एकाने जरी समोर जाऊन “हे खरे काय?” एवढे विचारले असते, तरी पुढचे बरेचसे टळले असते.

आपले माप येथे सर्वांत चोख लागते : दोघांनाही आपापली बाजू आहे, दोघांचाही राग समजण्याजोगा आहे आणि प्रेक्षकाला एकाचा पक्ष घेऊन बसता येत नाही. उणे एवढेच, की तो धनिक केवळ खलपुरुष राहतो. धरणाने काही भलेही होते की काय, हा प्रश्न कथा विचारीतच नाही. आज तो प्रश्न अनेकांना महत्त्वाचा वाटेल.

‘श्यामची आई’ : येथे खलनायकच नाही

साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी काढलेला ‘श्यामची आई’ १९५३ सालचा. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. वनमाला यांनी आईची आणि माधव वझे यांनी श्यामची भूमिका केली. या कथेत खलनायक शोधू गेल्यास सापडत नाही. दारिद्र्य हाच तेथला प्रतिपक्ष. मग दुसरी बाजू कोणाची? माझ्या मते ती श्यामची. आई थोर आहे हे खरे. पण हट्टी, भित्रा, रुसणारा, चुकणारा श्याम इतका खरा आहे, की आईचा कठोरपणाही आपण त्याच्या बाजूने सोसतो. पोहायला घाबरून लपणाऱ्या मुलाला मारणारी आई आणि रात्री त्याच मुलासाठी व्याकूळ होणारी आई या दोन नाहीत, हे मुलाच्या डोळ्यांनी पाहिले तरच कळते.

ही आई आजच्या मुलांना फार सोशिक वाटते, असे माझे विद्यार्थी मला सांगतात. त्यांचे म्हणणे मी खोडून काढीत नाही. तिच्या सोशिकपणाला नमस्कार करावा आणि तसे सोसण्याची पाळी पुढच्या कोणत्याही आईवर येऊ नये म्हणून खटपट करावी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

हैदराबादचा एक वारसदार

हा वारसा पुण्या-मुंबईतच राहिला असे नाही. श्याम बेनेगल यांचा जन्म १४ डिसेंबर १९३४ रोजी सिकंदराबादजवळच्या तिरुमलगिरीत, एका कोकणीभाषी कुटुंबात झाला. वडील छायाचित्रकार. निजाम कॉलेजात शिकलेल्या या तरुणाने हैदराबाद फिल्म सोसायटीचा पाया घातला. प्रभातमध्ये उमेदवारी करून पुढे ‘प्यासा’ (१९५७) काढणारे गुरुदत्त हे त्यांचे नात्यातले. मराठी नटी हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्राच्या आधारे बेनेगलांनी १९७७ साली ‘भूमिका’ केला. ‘मंथन’ (१९७६) या त्यांच्या चित्रपटासाठी गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. २३ डिसेंबर २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा पहिला मोठा चित्रपट ‘अंकुर’ (१९७४) आपल्या तेलंगणाच्या मातीतला आहे आणि त्यातील माणसे आपल्या कानांच्या ओळखीची दखनी बोलतात. तुम्ही मोठे झाल्यावर तो अवश्य पाहा. जमीनदाराचा मुलगा सूर्या याने लक्ष्मी या कामकरी स्त्रीवर अन्याय केलेला असतो. तिचा मुका नवरा किष्टय्या घरी परततो आणि काम मागण्यासाठी सूर्याकडे निघतो. अपराधाच्या भीतीने सूर्याला मात्र तो सूड घ्यायला येतो आहे असे वाटते आणि तो त्या निरपराध माणसाला फोडून काढतो. येथेही दिग्दर्शक आपल्याला सूर्याच्या मनात नेतो. त्याचा भित्रेपणा आपण आतून पाहतो. म्हणूनच अखेरीस एका लहान मुलाने भिरकावलेला दगड जेव्हा त्याच्या खिडकीवर आदळतो, तेव्हा तो कोणावर आणि का पडला हे आपल्याला पुरते समजते. ‘कुंकू’संबंधी जो भेद सांगितला, तोच येथे पुन्हा दिसतो : बाजू ऐकली गेली, पण अपराधाची सुटका झाली नाही.

संथपणाविषयी

आता “फार संथ आहे” या आक्षेपाकडे येऊ. काही जुने बोलपट खरोखरच रेंगाळतात. गाण्यांची संख्या अधिक असते. काही नट रंगभूमीवरचा मोठा आवाज पडद्यावरही सोडीत नाहीत. हे दोष कबूल केले पाहिजेत. परंतु पुष्कळदा ज्याला आपण संथपणा म्हणतो, तो दुसऱ्या बाजूला बोलण्यासाठी दिलेला वेळ असतो. आवलीचा राग दाखवायला एक क्षण पुरतो. त्या रागाचे कारण दाखवायला डोंगर चढावा लागतो.

हातातल्या फोनवर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती आपण दिवसभर पाहतो. त्यांत कोणी कोणाला मारताना, हिणवताना, रडवताना दिसते. आपण लगेच एकाला चांगले व दुसऱ्याला वाईट ठरवतो आणि ती फीत पुढे धाडून देतो. त्या आधी काय घडले, त्यानंतर काय झाले, दुसरा माणूस काय म्हणत होता, हे विचारायला फुरसत नसते. अशा एखाद्या फितीने शाळेतील एखाद्या मुलाची किंवा मुलीची किती नाचक्की होते, हे आम्ही शिक्षक पाहत आलो आहोत. दोन तास बसून चार माणसांच्या चार बाजू समजून घेण्याची सवय ही केवळ कलेची बाब नाही. ती वर्गात, घरात आणि गल्लीतही उपयोगी पडते.

हे चित्रपट कसे टिकले?

जुन्या काळी चित्रपट ज्या फितीवर छापीत, ती नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई आणि हवेतील उष्णतेने व दमटपणाने कुजत जाई. आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले. आज त्यांतील अगदी मोजकेच, तेही पुष्कळदा तुकड्यांच्या रूपाने उरले आहेत. जुने चित्रपट जपण्यासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. प्रभातचा स्टुडिओ ज्या जागेत होता, तेथे १९६० पासून चित्रपट शिक्षणाची संस्था उभी आहे. असे असूनही २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत कितीतरी नायट्रेट फिती जळून गेल्या. म्हणून जे हाती उरले आहे, ते पाहणारा प्रेक्षक राहणे हेही जतनाचेच काम होय. न वाचलेले पुस्तक कपाटात मरते, तसाच न पाहिलेला चित्रपट डब्यात मरतो.

घरातील वडीलधाऱ्यांबरोबर सुट्टीत यांतील एखादा चित्रपट पाहा. पाहताना मधूनच थांबवू नका. संपल्यावर लगेच मत देऊ नका. रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी जे पात्र पुन्हा पुन्हा आठवते, त्याच्याविषयी चार ओळी लिहून ठेवा. माझ्या मताशी तुमचे मत जुळले नाही, तर मला अधिक आनंद होईल. मात्र सोबत कारण द्या.

स्वाध्याय

१. ‘संत तुकाराम’मधील आवली आणि सालोमालो या दोन पात्रांची तुलना करा. तुम्हाला कोण अधिक खरे वाटले व का?

२. ‘कुंकू’चा शेवट तुम्हाला पटतो काय? तुम्ही कथा लिहिली असती तर काकासाहेबांना काय करायला लावले असते?

३. ‘शेजारी’मधील धरण बांधणाऱ्या धनिकाची बाजू दहा ओळींत मांडा. त्याला खोटे बोलू देऊ नका.

४. अलीकडे पाहिलेला कोणताही चित्रपट घ्या आणि त्यातील जे माणूस तुम्हाला मुळीच आवडले नाही, त्याच्या तोंडून तीच कथा सांगा.